दोन शिंगं, एक पडदा

नांद्रे, १८ जून २०२४

प्रिय जीनी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. आमच्या आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, कमी ऐकू येतं. त्यामुळे या घरात फोन स्पीकरवरच चालतो, आणि स्पीकरवर आलं की ते अख्ख्या गल्लीचं होतं. तुमच्या कोयनानगरला तर पावसात रेंज आली तर आली. मिरजेच्या कॉलेजात बाकाखालून चिठ्ठ्या सरकवायचो, तेच पुन्हा सुरू करू. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते, म्हणजे थेट बाईंच्या हातात पडेल.

तर बाई, मी तपासणीला लागले. लग्नाला पाच वर्षं झाली. एकदा दिवस राहिले आणि दुसऱ्या महिन्यातच गेले, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर काहीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचीही तपासणी करू, आणि नवऱ्यापासून सुरू करू, ती सोपी असते.

सोपी! भरतेश हेल्मेट घालून गेले आणि आत बसल्यावरही काढेनात. पण काउंटरवरच्या पोरीनं खणखणीत आवाजात पुकारलं, "भरतेश नेमिनाथ, सॅम्पल!" शेजारी आमच्याच गावचे हंबीरराव बसलेले. ते म्हणाले, "कशाचं सॅम्पल रं भरतेश?" हे म्हणाले, "मातीचं. द्राक्षाला खत ठरवायचंय." हंबीरराव म्हणाले, "हितं माती तपासत्यात व्हय? मग माझीबी आणतो की." बिचारा खरंच पिशवीभर माती घेऊन गेला असेल. यांची माती चांगली निघाली. म्हणजे आता राहिले मी.

मला सोनोग्राफीला सांगितलं, भरपूर पाणी पिऊन या आणि लघवी धरून ठेवा. मी आज्ञाधारक. उकळून गार केलेलं पाणी पीत राहिले. नंबर आला दोन तासांनी. आत गेले तर डॉक्टर म्हणाल्या, "फार झालं हो, थोडं सोडून या." थोडं! तुमच्या धरणाचे दरवाजे फुटाफुटानं उघडतात म्हणे. माझ्याकडे तशी यंत्रणा नाही, जीनी. सगळं सुटलं, आणि परत पाणी पिऊन आणखी तासभर बसले.

आणि एवढं करून काय, तर गर्भाशयाचा आकार नीट कळत नाही. आता नळ्यांचा एक्स-रे काढायचाय. आतून औषध सोडतात आणि फोटो घेतात. लिहिताना हसतेय खरी. यांचं चांगलं निघालं, माझं वाईट निघालं, तर या घरात मी कुठल्या तोंडानं वावरू? तुझ्या ओळखीत कुणी हा एक्स-रे काढलाय का? दुखतं का? खरं सांग.

तुझी,
चंदना

*

कोयनानगर, २७ जून

प्रिय चंदे,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि धरणाच्या दरवाज्याशी इतकी हसले की हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, परिपत्रक वाचतेय.

आमच्या शाळेत रेश्मा नावाच्या बाई आहेत. त्यांनी काढलाय तो एक्स-रे, कराडला. त्यांच्याकडून सगळं विचारून घेतलंय. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांत बोलावतात. टेबल बर्फासारखं गार असतं, म्हणून जाड सुती साडी घेऊन जा आणि खाली अंथरायला सांग, नाही म्हणत नाहीत. औषध सोडताना पाळीच्या दिवसांत येते तशी कळ येते, पण जोरात. ती लवकर जाते. श्वास धरून ठेवायचा नाही. सिस्टर म्हणाल्या, "हसा, म्हणजे पोट सैल पडतं," मी हसायला गेले तर रडूच आलं, म्हणजे रेश्माला. घरी येताना लागेल म्हणून पॅड ने. आणि बरोबर कुणाला तरी घेऊन जा. एकटी जाऊ नकोस.

दोष निघाला तर कुठल्या तोंडानं वावरू, म्हणतेस. आहे त्याच तोंडानं. दुसरं मिळत असतं तर मी आधी घेतलं असतं, माझ्या दातांकडे बघ.

इथं सगळे मजेत. अजमलची पॉवर हाऊसला रात्रपाळी आहे. सासूबाई, आमच्या अम्मी, मला रोज सकाळी कसला तरी काढा देतात. तो इतका कडू असतो की दिवसभर दुसरं काही कडू लागत नाही, हा त्याचा फायदा.

तुझी,
जीनत

*

नांद्रे, १६ जुलै

प्रिय जीनी,

झाला एक्स-रे. तुझ्या रेश्माबाईंना माझा नमस्कार सांग, साडीचा सल्ला लाख मोलाचा.

बरोबर आत्ती आल्या. मी नको म्हणत होते, पण त्या पिशवी घेऊन आधीच रिक्षात बसल्या होत्या. तिथल्या सिस्टरनं माझी माहिती विचारली, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं विचारलं, "मासे, कोळंबी खाल्ल्यावर अंगाला खाज येते का?" औषधाची अ‍ॅलर्जी आहे का बघण्यासाठी तसं विचारायची त्यांची पद्धत. नेमकं हेच वाक्य आत्तींना स्वच्छ ऐकू आलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "कोळंबी? आवं बाई, आमच्यात चातुर्मास लागला की कांदासुदीक बंद! कुणी खाल्ली कोळंबी?" आणि माझ्याकडे असं बघितलं, जीनी, की जे पाप आयुष्यात केलं नाही तेही मला आठवायला लागलं. सिस्टर समजावतेय, मी समजावतेय, बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसताहेत. मला आत नेलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. एक्स-रेच्या टेबलावर चढायला इतकी आतुर बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल.

कळ आली. मी श्वास धरला नाही, मोठ्यानं णमोकार म्हटला. चुकीचा म्हटला, ओळी खालीवर झाल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि आम्हां दोघींना दाखवला. पांढरं दिसतं ते औषध. ते नळ्यांतून पुढं जाऊन दोन्हीकडे बाहेर सांडलं म्हणजे नळ्या मोकळ्या. माझ्या मोकळ्या आहेत. जीव भांड्यात पडतोय तोवर त्या म्हणाल्या, "पण गर्भाशयाचा आकार बघा. एक त्रिकोण दिसायला हवा. इथं वरती दोन फाटे दिसतात. कदाचित दोन शिंगांचं गर्भाशय असेल."

आत्ती म्हणाल्या, "काय हाय म्हणला?"

डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "दोन शिंगं!"

पुढं काय झालं असेल ते सांगायला नकोच. आत्ती माझ्याकडे वळल्या, चेहऱ्यावर पाच वर्षांचा विजय. "हिला शिंगं फुटल्यात हे मी लगीन झाल्यापास्नं सांगत आलोय. तवा कुणी ऐकलं न्हाई. आता मशीननंच दावलं!"

हसू नकोस. मीही तिथं हसले आणि रिक्षात बसल्यावर रडले. सबंध गावाला आता कळलंय. दळण टाकायला गेले तर गिरणीवाली भामाबाई माझ्या कपाळाकडेच बघत होती.

डॉक्टरीणबाई म्हणतात, एक्स-रेत फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरचा आकार नाही. मी ब्लाउज शिवणारी बाई, मला पटलं. नुसत्या अस्तरावरून वरचं कापड कळत नाही. थ्री-डी सोनोग्राफी केली की खरं काय ते समजेल. खरोखर दोन शिंगं असतील तर फार काही करता येत नाही. मधे नुसता पडदा असेल तर तो काढता येतो. म्हणजे आता माझं सगळं त्या पडद्यावर अडलंय. हे रात्री मला म्हणाले, "शिंगं असली तर असू देत, मी बैलांच्या घरातला माणूस आहे." एवढंच. त्यानंतर मला झोप लागली.

तुझी,
शिंगवाली चंदना

*

कोयनानगर, २५ जुलै

प्रिय शिंगवाले,

भरतेशरावांना माझा सलाम सांग. असं वाक्य बोलणारा नवरा असला की एक्स-रे काय, काहीही काढावं.

थ्री-डी लवकर करून घे. नळ्या मोकळ्या आहेत, ही लहान गोष्ट नाही. पण मोकळ्या नळ्यांचंही फार कौतुक करून घेऊ नकोस. नुसत्या मोकळ्या असून भागत नाही.

परवा इथं भूकंपाचा छोटा धक्का बसला. फळीवरच्या बश्या वाजल्या, अजमलनं कूस बदलली, संपलं. इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. अम्मींचा मात्र नियम पक्का: धक्का मोठा असला की घरातलं सगळ्यात मोलाचं हाताला धरायचं आणि अंगणात जायचं. त्या स्वतः दर वेळी मिक्सर घेऊन पळतात. आम्ही त्यांना विचारलं, पोटचा मुलगा आत झोपलाय त्याचं काय? तर म्हणाल्या, त्याला पाय आहेत.

आता माझ्यासाठी त्यांनी वडूजकडच्या कुणा बाईकडून नवीन पूड आणलीय. बिचाऱ्या गुडघेदुखी घेऊन एसटीनं गेल्या होत्या. मी मुकाट घेते.

तुझी,
जीनत

*

नांद्रे, १९ ऑगस्ट

जीनी,

पडदा! पडदा आहे! शिंगं नाहीत!

थ्री-डीच्या फोटोत बाहेरून गर्भाशय एकच, चांगलं गोल, आणि आत मधोमध वरून खाली आलेला एक पडदा. त्यामुळंच आत दोन फाटे दिसत होते. तेव्हाचं मूल त्यामुळंच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाल्या, पण कारण असू शकतं. दुर्बिणीतून पडदा कापायचा, दुसऱ्या दिवशी घरी. मी टेबलावरच हसायला लागले तर म्हणाल्या, हलू नका, फोटो हलतो.

गंमत बघ, लोक म्हणतात पडदा तुमच्यात असतो, आणि निघाला माझ्यात.

आत्तींना कसं सांगायचं याची मी धास्ती घेतली होती. घरी येऊन ओरडून सांगितलं, "पडदा आहे, काढायचाय!" तर त्यांचा चेहराच पालटला. मागच्या वर्षी मिरजेत त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्याला त्या पडदाच म्हणतात. म्हणाल्या, "एवढंच व्हय? माझा न्हाई का काढला? काय दुखत न्हाई पोरी. हिरवी पट्टी बांधत्यात आन् च्या देत्यात." आणि आपला काळा चष्मा आणून मला दिला. ऑपरेशननंतर लागेल म्हणून. मी घेतला, जीनी. नको कसं म्हणू?

शिंगांचं मात्र त्यांना वाईट वाटलंय. दोनदा विचारलं, "मग शिंगं अजिबात न्हाईत?"

आता तुझ्याबद्दल. थ्री-डीला जाताना धीर यावा म्हणून तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. "मी हसायला गेले तर रडूच आलं, म्हणजे रेश्माला." मी तेव्हा हे वाचलं होतं आणि पुढं गेले होते. माझ्या नळ्या, माझी शिंगं, माझं धरण! इतकी वर्षं कापडाला एक टाका वाकडा गेला तर मला दिसतो आणि हा दिसला नाही. रेश्मा नाही ना कुणी? ते गार टेबल तुझंच ना? आणि तो काढा, ती पूड? मी ते वाचून हसत होते गं.

मला आता हसवू नकोस. सांग.

चंदना

*

कोयनानगर, २ सप्टेंबर

चंदे,

रेश्मा आहे. चौथीला शिकवते, तिला जुळे आहेत. तिचं नाव उगाच खर्ची घातलं. आयुष्यात एक खोटं धड लिहायला गेले तर एका वाक्यात पकडले गेले, आणि मी मुलांना निबंध शिकवते.

व्हय, मीच. दोन वर्षं झाली. कराडला एकटी गेले होते, म्हणून तुला एकटी जाऊ नकोस म्हटलं. माझा फोटो इतका सुंदर आला की डॉक्टर म्हणाले, पुस्तकात छापण्यासारखा आहे. त्रिकोण एकदम रेखीव, दोन्हीकडे पांढरं सांडलेलं. बाकीच्या तपासण्याही चांगल्या. शाळेत मला कधी पहिला नंबर मिळाला नाही, तो इथं मिळाला. मग डॉक्टर म्हणाले, आता मिस्टरांना पाठवा.

अजमलनं ऐकलं आणि म्हणाला, "बघू." एवढंच. तो वाईट माणूस नाही, चंदे. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. पण त्या "बघू"ला दोन वर्षं झाली. त्या संध्याकाळी अम्मींनी विचारलं, काय निघालं? मी त्याच्याकडे बघितलं. तो मान खाली घालून बुटाची लेस सोडत बसला. त्याच्या त्या मानेची मला कीव आली आणि मी बोलून गेले, "माझ्या नळ्या बंद आहेत, अम्मी." वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तो तपासणी करेल, मग बघू. बघ, मलाही "बघू"ची सवय लागली.

तेव्हापासून अम्मी नळ्या उघडायचं औषध शोधत हिंडताहेत. रागावत नाहीत, टोमणे नाहीत. तेच अवघड जातं. मी त्यांचा काढा पिते, तो बघतो, आणि पेपर वाचतो.

पडदा तुझ्यात निघाला म्हणतेस. आमच्या घरात कुणी पडदा करत नाही. पण अजमलपुढं एक पडदा मीच धरून उभी आहे, आणि हात दुखायला लागलेत. तुझा काढायला दुर्बीण आहे. माझा कसा काढू?

मला मूल हवंय, चंदे. एवढं साधं वाक्य मी दोन वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं.

जीनत

*

नांद्रे, २० सप्टेंबर

जीनी,

ऑपरेशन झालं. पडदा गेला. आता काही दिवस औषधं, मग परत आत बघून सांगतील. आत्तींचा काळा चष्मा घालून दवाखान्यातून बाहेर आले, त्या जीपमधे बसून बघत होत्या ना. रिक्षावाल्यांनी वाट करून दिली. आंधळी समजले असणार.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला तो तुझाच. अगं, तू मला आहे त्याच तोंडानं वावर म्हणालीस आणि स्वतः तोंड शिवून बसलीस! दुसरा राग अजमलचा. तो आवाज चढवत नाही म्हणून चांगला, हे काय माप झालं? आमच्या यांनी हेल्मेट घालून का होईना पण सॅम्पल दिलं. अजमल घाबरला, तेवढं माफ आहे. पण तू रोज त्याच्या वाट्याचं कडू पितेस आणि तो पेपर वाचतो, याला माफी नाही.

माझ्या फोटोत खोट निघाली म्हणून मला उपाय मिळाला. तुझा फोटो चांगला आला आणि तुलाच शिक्षा. हा कुठला न्याय? मी उपदेश करायला नालायक आहे, माझं स्वतःचं तोंड आत्तींपुढं अजून उघडत नाही. पण माझी शिंगं आता फुकटच गेलीत, आत्तींना त्यांची चुटपूट आहे. ती तुला पाठवते. घे.

जीनी, तुला शिंगं फुटोत.

चंदना

*

कोयनानगर, २१ ऑक्टोबर

चंदे,

तुझी शिंगं पोचली. जरा उशिरा, पण पोचली.

मी काही हिंमत केली असं समजू नकोस. तुझं पत्र आल्यापासून रोज ठरवत होते आणि रोज भाजीला फोडणी टाकत होते. शेवटी जे केलं ते भूकंपानं केलं.

शनिवारी सकाळी, शाळेला निघायच्या वेळी, धक्का बसला. या वेळी चांगला दणका होता, भिंतीवरचं घड्याळ पडलं. सगळी कॉलनी बाहेर. अम्मी मिक्सर घेऊन. शेजारच्या बनाबाई दागिन्यांचा डबा घेऊन. अजमल टॉवेलवर, हातात काही नाही, त्याला पाय आहेत. मीही कपाट उघडून हाताला लागलं ते छातीशी धरून पळाले होते. अंगणात आल्यावर जमीन थांबली आणि सगळे एकमेकांच्या हातात काय आहे ते बघायला लागले, तशी रीतच आहे. माझ्या हातात साड्यांखाली ठेवलेलं एक्स-रेचं पाकीट.

लोक सोनं घेऊन पळतात. मी माझ्या गर्भाशयाचा फोटो घेऊन पळाले. बनाबाई म्हणाल्या, "पाय मोडलाय का कुणाचा?"

अम्मींनी मिक्सर खाली ठेवला, पाकीट घेतलं, फोटो काढला आणि उन्हाकडे धरला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हे तुझं हाय? यात बंद कुठं हाय?"

चंदे, तिथं मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. त्यांना काय कळणार होतं? अजमल माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटतं तोही तेच मागत होता. पण माझ्या घशात दोन वर्षांचा काढा आला. मी म्हणाले, "कुठंच न्हाई, अम्मी. हे पांढरं दोन्हीकडून बाहेर सांडलंय, ते सांडलं म्हणजे वाट मोकळी. माझं सगळं चांगलं हाय. मी खोटं बोलले होते."

त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता दुसरा धक्का. पण त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आन् मी तुला ते कडू पाजत व्हते."

फोटो पाकिटात घातला. पाकीट माझ्या हातात दिलं. मिक्सर उचलला, आणि टॉवेलवर उभ्या असलेल्या पोराकडे न बघताच म्हणाल्या, "अजमल, कपडे घाल. कराडला जायचंय."

तो म्हणाला, "अम्मी, बघू..."

"बघायलाच चाललोय," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल."

मी शाळेला सुट्टी टाकली. कराडच्या बाकावर तिघं बसलो होतो. अजमलचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, चार पावलं गेला, परत आला आणि माझ्या हातातला रुमाल घेऊन गेला. घाम पुसायला असेल. मी दिला.

त्याचं काय निघालं ते मंगळवारी कळेल. काहीही निघो. रविवारी सकाळी अम्मींनी काढा केला नाही. चहा केला. साखर इतकी जास्त झाली होती की पिववेना. मी सगळा प्याले.

तुझी,
शिंगवाली जीनत